कोडं सोडवायला नाटक पाहावं लागत नाही

लंडनच्या रंगभूमीवर गाजलेल्या एखाद्या संगीतिकेवर बेतलेलं क्रिप्टिक शब्दकोडं समोर आलं, की बहुतेक लोक दोन कारणं सांगून पान उलटतात. एक, क्रिप्टिक म्हणजे आधीच डोक्याला ताप. दोन, नाटक पाहिलेलं नाही, त्यातली पात्रं ठाऊक नाहीत, मग उत्तरं सुचणार कुठून? पहिल्या कारणात थोडंफार तथ्य आहे. दुसरं मात्र साफ चुकीचं आहे. नीट रचलेलं विषयबद्ध क्रिप्टिक कोडं त्या विषयाच्या जाणकारांसाठी राखून ठेवलेलं नसतं. विषय असल्यामुळे ते अनभिज्ञ माणसाला उलट जास्तच मदत करतं. हे पटायला अशा कोड्याची आतली रचना पाहावी लागते.

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं. ते साध्या जातीचं होतं, म्हणजे अर्थ सांगायचा आणि शब्द ओळखायचा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतली बहुतेक कोडी आजही त्याच वळणाची असतात. ब्रिटनमध्ये विसाच्या दशकात या खेळाला वेगळं वळण मिळालं. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून टॉर्कमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचू लागले आणि संकेत सरळ अर्थ सांगेनासे झाले. क्रिप्टिक संकेतात दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो आणि दुसरा ते अक्षरांतून कसं घडतं ते सांगतो. दोन्ही एका वाक्यात असे सांधलेले असतात, की वाचणारा भलत्याच दिशेने जातो. 'कॅट्स' या संगीतिकेवरचा एक सोपा संकेत रचून पाहू. नाटकाच्या नटसंचाला इंग्रजीत 'कास्ट' म्हणतात. त्यातली सी, ए, एस, टी ही अक्षरं विस्कटून पुन्हा मांडली, की सी, ए, टी, एस म्हणजे मांजरं हाती येतात. तेव्हा संकेत असा होईल: 'नटसंच विस्कटला, मांजरं निघाली.' वाचताना एखादा फसलेला प्रयोग डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात 'नटसंच' हा कच्चा माल, 'विस्कटला' ही कृती आणि 'मांजरं' हा अर्थ. त्यात एकही शब्द फुकटचा नाही.

आता विषयाकडे येऊ. अँड्र्यू लॉइड वेबर यांची 'कॅट्स' ११ मे १९८१ रोजी लंडनमध्ये रंगमंचावर आली आणि तिथे २१ वर्षं चालली. तिचा आधार म्हणजे टी. एस. एलियट यांचा १९३९ चा मांजरांवरच्या कवितांचा संग्रह. या मांजरांची नावं चमत्कारिक आहेत आणि कोडं रचणाऱ्याला ती पर्वणीच. त्यांतलं एक म्हातारं, रंगभूमीवर आयुष्य घालवलेलं मांजर म्हणजे गस. त्याच्यासाठी 'शतावरीच्या टोकाला सापडलेला जुना नट' एवढा संकेत पुरतो. इंग्रजीत शतावरीला 'अ‍ॅस्परॅगस' म्हणतात आणि तिची शेवटची तीन अक्षरं जी, यू, एस. नाटक पाहिलेल्याला आणखी एक गंमत कळते, कारण गसचं पूर्ण नावच अ‍ॅस्परॅगस आहे. न पाहिलेल्याची ही गंमत हुकते, उत्तर हुकत नाही. दुसरं मांजर डिमीटर. मीटर लावलेल्या टॅक्सीसाठी जो 'मीटर्ड' शब्द आहे, त्यातली शेवटची ई, डी ही दोन अक्षरं उलटी करून सुरुवातीला ठेवली की डिमीटर हे नाव अक्षरशः तयार होतं. अर्थाच्या बाजूने 'ग्रीकांची धान्यदेवता' एवढं सांगितलं की झालं, कारण डिमीटर देवताही आहे आणि मांजरही. म्हणजे एकाच घरात पोचायला तीन वाटा झाल्या: अक्षरांची, पुराणकथेची आणि नाटकाची. तिन्ही माहीत असण्याची गरज नाही, कोणतीही एक पुरेशी आहे.

यावर जाणता वाचक एक रास्त हरकत घेईल. विषयबद्ध कोड्यांत पुष्कळदा विषयाशी निगडित उत्तरांचा अर्थच दिलेला नसतो. फक्त अक्षरांची करामत दिलेली असते आणि विषय कोणता तेही सोडवणाऱ्यानेच ओळखायचं असतं. हा अन्याय नाही का? याचं उत्तर कोड्याच्या चौकटीत आहे. प्रत्येक उत्तर म्हणजे जणू एक दावा असतो आणि त्याला साक्षीदार लागतात. साध्या कोड्यात अर्थ आणि छेदणारी अक्षरं हे दोनच साक्षीदार. क्रिप्टिकमध्ये अक्षररचना हा तिसरा आणि विषय असेल तर तो चौथा. कोडं रचणाऱ्याने अर्थ काढून घेतला तरी तिघे उरतात. शिवाय पहिली दोन-तीन मांजरं सापडली, की विषय उघडा पडतो आणि तिथून पुढे तोच मदतीला धावतो. अट एकच. उत्तर जितकं अनोळखी, तितकी त्याची अक्षररचना सरळ हवी. मंगोजेरीसारखं नाव कुणाला आपोआप सुचणार नाही, म्हणून त्याचे तुकडे साधे-सोपे असले पाहिजेत. डी. एस. मॅकनट हे झिमिनेस या नावाने १९३९ पासून 'ऑब्झर्व्हर'साठी कोडी रचत होते. १९६६ च्या पुस्तकात त्यांनी हीच शिस्त घालून दिली: संकेत फसवा असावा, पण अप्रामाणिक नसावा. ही शिस्त मोडणारी कोडी छापली जातात, हे खरं. पण तो रचणाऱ्याचा आळस झाला, प्रकाराचा दोष नव्हे.

या मताला सगळ्यात भक्कम आधार संगीत रंगभूमीवरच्याच माणसाकडून मिळतो. 'वेस्ट साइड स्टोरी' १९५७ मध्ये आली. तिची गीतं स्टीफन साँडहाइम यांची आणि संगीत लेनर्ड बर्नस्टाइन यांचं. दोघांनाही 'लिस्नर' या ब्रिटिश साप्ताहिकातल्या अतिशय अवघड कोड्यांचं वेड होतं. पुढे १९६८ मध्ये 'न्यूयॉर्क' साप्ताहिक निघालं, तेव्हा साँडहाइम यांनी त्यात स्वतः क्रिप्टिक कोडी रचायला घेतली आणि अमेरिकी वाचकांना हा प्रकार सोडवायचा कसा, हेही लिहून समजावलं. अमेरिकी कोड्यांवर त्यांचा राग होता, कारण ती किरकोळ माहितीचं पाठांतर तपासतात. डोकं लढवण्याचा आनंद ब्रिटिश धाटणीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 'कंपनी' या संगीतिकेच्या कामामुळे त्यांनी हे सदर सोडलं आणि ते रिचर्ड मॉल्टबी यांच्याकडे गेलं. मॉल्टबीही गीतकारच. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. चालीच्या मात्रा, यमकाचं बंधन आणि पात्राच्या तोंडी शोभेल असा अर्थ ही तिहेरी कसरत गीतकार रोज करतो. ठरलेल्या घरांत ठरलेली अक्षरं बसवून वाक्य सहज वाटायला लावणं ही त्याच्या ओळखीची कसरत आहे.

मोबाइल हाताशी असताना पात्रांची यादी काढून घरं भरता येतात, मग यात राहिलं काय, असंही विचारलं जातं. यादी जरूर काढावी, त्यात लाज नाही. पण यादी उत्तर पुरवते, कारण पुरवत नाही. 'अ‍ॅस्परॅगस'मधून गस कसा निघाला, हे कळल्याशिवाय ते घर भरलं असं क्रिप्टिकवाला मानतच नाही.

शेवटची हरकत आपल्या भाषेची. इंग्रजीतलं एकेक अक्षर सुटं असतं, तर देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षर यांसह सबंध अक्षर एका घरात बसतं. म्हणून मराठीत ही करामत जमणार नाही, असं म्हणतात. अक्षरं विस्कटण्याचा डाव मराठीत अवघड आहे, हे मान्य. बाकीचे डाव मात्र उत्तम जमतात. आपल्या संगीत नाटकांवर कोडं रचायचं ठरवलं, तर काही संकेत असे होतील. 'शाळा, रस्ता, दार, सगळ्यांच्या आरंभी सरस्वती (३)': आद्याक्षरं जोडा, देवलांची १८९९ ची 'शारदा' मिळते. 'लग्न झालेल्या बाईंनंतर आला सभ्य अभिमन्यू (३)': सौ. आणि भद्र मिळून किर्लोस्करांचं १८८२ चं 'सौभद्र'. 'शोभा मिनीबसमध्ये लपलेली कोपिष्ट स्त्री (३)': 'शोभा मिनीबस' ही अक्षरं सलग वाचा, आत भामिनी बसलेली आहे, म्हणजे खाडिलकरांच्या १९११ च्या 'मानापमान'ची नायिका. यांतलं एकही नाटक न पाहिलेला विद्यार्थी तिन्ही घरं भरू शकतो आणि भरल्यावर ही नाटकं कोणती, असं विचारू शकतो. शिवाय ओष्ठ्य अक्षरं टाळून निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांच्या भाषेला बंधनात खेळण्याचं वावडं असायचं कारण नाही.

म्हणून विषयबद्ध कोड्याला 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' म्हणून नाकारू नये. संकेताची दोन टोकं आधी पाहावीत, कारण अर्थ बहुधा एका टोकाला असतो. मग उरलेल्या शब्दांना कामाला लावावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही पानभर संगीत नाटकांवरचं असं एखादं कोडं द्यायला हरकत नाही. सोडवणारे मराठीत भरपूर आहेत. कमतरता आहे ती शिस्तीने रचणाऱ्यांची.