उलटीच्या गोळीची झोप आणि अडीच मिलिग्रॅमचा प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावशीची केमो नागपुरात सुरू झाली. ब्रेस्ट कॅन्सर, आणि पहिली सायकल डॉक्सोरुबिसिन अधिक सायक्लोफॉस्फामाइडची. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, म्हणून पेशंट त्याला 'लाल औषध'च म्हणतात. एक-दोन दिवस लघवी लालसर होईल, घाबरू नका, असं नर्सताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरी सगळ्यांना धास्ती होती ती उलटीची. बादली, लिंबू, खडीसाखर, सगळी तयारी होती.

उलटी झालीच नाही. पण मावशी तीन दिवस जागीच नव्हती. घास हातात घेतला की डोळे मिटायचे. "मले काही समजूनच नाही राहिलं, नुसती झोप येऊन राहिली," एवढंच म्हणायची. आम्ही समजलो, केमोचा अशक्तपणा.

चौथ्या दिवशी मी प्रिस्क्रिप्शन नीट वाचलं. उलटीच्या गोळ्यांमध्ये ओलान्झापिन होतं, १० मिलिग्रॅम, रोज रात्री, चार दिवस. हे मुळात मानसोपचारातलं औषध!

ते इथे कसं आलं? केमोमुळे लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते व्हेगस नर्व्हला चेतवतं आणि मेंदूला निरोप जातो, उलटी कर. ही पहिल्या दिवसाची उलटी, आणि ऑनडानसेट्रॉनसारखी औषधं तिथे चांगली चालतात. दुसऱ्या दिवसानंतरच्या त्रासात मेंदूतल्या सबस्टन्स पी नावाच्या रेणूचा वाटा मोठा. त्याला अडवणारी औषधं वेगळी. ओलान्झापिन मात्र डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशा अनेकांचे रिसेप्टर एकदम अडवतं, म्हणून मळमळीवर ते इतकं उपयोगी. आणि हिस्टामिन अडवलं की गुंगी येणारच. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते, त्याचंही कारण तेच.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये १० मिलिग्रॅम वापरलं गेलं आणि तो डोस रूढ झाला. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ५ मिलिग्रॅम वापरून बघितलं, पण तुलना प्लासिबोशी होती, १० मिलिग्रॅमशी नाही. म्हणजे 'कमी डोस तेवढाच चालतो का?' हा प्रश्न तसाच उरला. आता विचार करा, जुन्या, स्वस्त, जेनेरिक गोळीचा डोस कमी करण्यात कुठल्या कंपनीला रस असेल?

हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी घेतला. २०२१ ते २०२३ दरम्यान २७५ पेशंट, एका गटाला २.५ मिलिग्रॅम, दुसऱ्याला १०, बाकीची उलटीची औषधं दोघांनाही तीच. निकाल २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला.

रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून डिझाइन बघा. कमी डोस जास्त चांगला आहे, असा दावाच नव्हता. ही नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल. कमी डोस १० टक्के गुणांपेक्षा जास्त मागे पडता कामा नये, ही रेषा आधीच आखली होती. नुसती सरासरी नाही, कॉन्फिडन्स इंटरव्हलचं टोकसुद्धा त्या रेषेच्या आत यावं लागतं. निकाल बघून मग रेषा सरकवली तर सगळं मुसळ केरात.

आकडे असे: पाच दिवस उलटी नाही, वरची गोळी लागली नाही, मळमळ नाही किंवा अगदी सौम्य, असे पेशंट २.५ च्या गटात ४५ टक्के, १० च्या गटात ४४ टक्के. दिवसा गुंगी मात्र ६५ विरुद्ध ९० टक्के. आणि पहिल्याच दिवशी तीव्र गुंगी? ५ विरुद्ध ४० टक्के. हा शेवटचा आकडा वाचला तेव्हा मला ताटासमोर डुलणारी मावशी आठवली.

कच्चे दुवेही आहेत. ट्रायल एकाच केंद्रातली. शिवाय ओपन-लेबल, म्हणजे कोणाला किती डोस मिळतोय हे पेशंटला आणि डॉक्टरांना माहीत. गुंगी पेशंटनेच सांगायची असते, त्यामुळे 'मला तर छोटी गोळी आहे' या जाणिवेचा परिणाम उत्तरावर होऊ शकतो. पण ५ आणि ४० मधली दरी नुसत्या जाणिवेने पडेल, असं मला वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच: चार-चार औषधं देऊनही निम्म्याहून जास्त पेशंटचे पाच दिवस पूर्ण बिनत्रासाचे गेले नाहीत. त्यावर कोणीतरी पीएचडी करायला हवी.

आम्ही स्वतःहून गोळी अर्धी केली नाही, तुम्हीही करू नका. मावशीला एक वही दिली: उलटी, मळमळ, जेवण, ताप. 'झोप' हा रकाना तिने स्वतः आखला. दुसऱ्या सायकलच्या आधी डॉक्टरांनी वही वाचली, काही प्रश्न विचारले आणि डोस २.५ केला. तिसऱ्या दिवशी फोडणीच्या वासाने मळमळ झालीच, आधी नव्हती झाली. एका पेशंटवरून काय ठरवणार? पण त्या दिवशी ती ओट्याजवळ उभी राहून मला ओरडत होती, "गॅस बंद कर आधी!"