अचानक छातीत धडधड सुरू झाली तर: आधी नाडी मोजा, आणि ईसीजी धडधड चालू असतानाच काढा

बसल्या जागी छातीत धडधड सुरू होते. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते आणि "आता आपलं काही खरं नाही" असं वाटू लागतं. घरचे घाईघाईने गाडी काढतात. बोरीसारख्या गावातून जिंतूर किंवा परभणी गाठेपर्यंत, कधी तर गावातल्याच दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, धडधड थांबलेली असते. ईसीजी निघतो आणि तो नॉर्मल येतो. मग कुणी म्हणतं गॅस झाला, कुणी म्हणतं टेन्शन घेतलं, कुणी उतारा टाकायला सांगतं. काही दिवसांनी पुन्हा तेच.

धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला, याचा अर्थ त्या घडीला हृदयाची लय ठीक होती, एवढाच. अर्ध्या तासापूर्वी ती कशी होती हे तो कागद सांगत नाही. वायरमन येतो तेव्हा नेमकी लाईट आलेली असते आणि फॉल्ट कुठे होता ते कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून तुमच्याकडून आम्हाला सगळ्यात जास्त मदत होते ती धडधड चालू असतानाच्या माहितीची.

नाडी कशी मोजायची

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. घाबरलेल्या माणसाला स्वतःची नाडी नीट मोजता येत नाही, म्हणून घरातल्या एकाने हे आधीच शिकून ठेवावं. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर तो बोटाला लावा आणि मोबाईलवर त्याचा छोटा व्हिडिओ काढा. हात गार असले की तो आकडा चुकू शकतो, तरी काहीच नसण्यापेक्षा बरा.

आकड्याइतकीच महत्त्वाची आहे ती धडधडीची तऱ्हा. बटन दाबल्यासारखी एकदम सुरू झाली, ठोके एका मिनिटाला १५० ते २२० पर्यंत गेले, पण ताल एकसारखा होता, आणि तशीच एकदम थांबली, तर एसव्हीटी नावाच्या आजाराची शंका येते. यात हृदयाच्या विजेच्या वायरिंगमध्ये एक जादा वाट असते आणि करंट त्याच वाटेने गोल गोल फिरत राहतो. धडधड थांबल्यावर भरपूर लघवी होणं ही त्याची आणखी एक खूण.

भीतीच्या झटक्यात, म्हणजे पॅनिक अटॅकमध्ये, ठोके हळूहळू चढतात, साधारण १० मिनिटांत टोकाला जातात आणि सावकाश उतरतात. बहुतेक वेळा ते १०० ते १४० च्या दरम्यान असतात. सोबत श्वास जोरजोरात चालतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात.

कागदावर हा फरक सोपा दिसतो. प्रत्यक्षात एसव्हीटीच्या माणसालाही भीती वाटतेच. हृदय १८० ने पळत असताना कोण शांत बसेल? त्यामुळे अनेकांना, विशेषतः तरुण बायकांना, वर्षानुवर्षं "मनाला लावून घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळतं. उलट, पॅनिक अटॅकची धडधडही खरीच असते, ते नाटक नव्हे. शरीरात ॲड्रेनलिन खरोखर वाढलेलं असतं.

ठोके तालातच नसतील, कधी भराभर कधी थांबून पडत असतील, तर ती वेगळी गोष्ट. वय साठीच्या पुढे असेल किंवा लहानपणी सांधे सुजून हृदयाच्या झडपेचा आजार झाला असेल, तर हे एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारण्याचा धोका असतो, म्हणून ईसीजी त्याच दिवशी काढा.

त्या वेळी काय करायचं

काम थांबवा, बसा किंवा आडवे व्हा. मोटारसायकल स्वतः चालवत दवाखान्यात जाऊ नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिली शंका साखर उतरल्याची घ्या, खास करून एकादशीच्या उपवासाला गोळी घेतली असेल तेव्हा. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या.

एकदम सुरू झालेली, तालातली वेगवान धडधड असेल तर एक उपाय घरी करता येतो. मागे टेकून अर्धवट बसा. १० मिलीची नवी सिरिंज, सुई न लावता, तोंडात धरा आणि दट्ट्या जरा हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंका. लगेच पाठीवर सपाट झोपा आणि दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरावेत. २०१५ साली इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर याची चाचणी झाली. पाय उचलण्याच्या या पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसतं बसून फुंकल्याने १७ टक्के लोकांची. हृदयविकार आधीच माहीत असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मान चोळणं किंवा डोळे दाबणं तर कुणीच करू नये.

भीतीची लाट असेल तर श्वास सोडण्यावर लक्ष द्या: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. भोवती दहा जण जमून "काय होतंय, काय होतंय" विचारू लागले की ठोके आणखी वाढतात. एकाने जवळ बसावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी देऊ नका. तिने बीपी उतरून ठोके उलट वाढू शकतात.

चक्कर येऊन पडणं, छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणं, दम लागणं, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. बसल्या जागी नाडी १५० च्या वर १५-२० मिनिटं टिकली तरी, आणि गरोदर बाईला असा त्रास झाला तरी, थांबू नका. दवाखान्यात पोहोचल्यावर "आधी सलाईन लावा" असा आग्रह नको. "धडधड अजून चालू आहे, आधी ईसीजी काढा" असं सांगा.

नंतरची तपासणी आणि उपचार

हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, आणि रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं. तंबाखू, गुटखा, दिवसभराचे चहा, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, मे महिन्याच्या उन्हात शेतात पाणी कमी पडणं, ही कारणंही डॉक्टरांपुढे मोकळेपणाने सांगा. त्रास वारंवार होत असेल तर २४ तासांची होल्टर तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको सांगितला जातो.

एसव्हीटी निघाला तर गोळ्या आहेत, आणि मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट बंद करण्याचा उपचारही आहे. छाती उघडावी लागत नाही आणि बहुतेकांचा त्रास कायमचा जातो. मोठ्या शहरात जावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. पॅनिक अटॅक ठरला तर समुपदेशन आणि रोजच्या गोळ्यांनी फरक पडतो, पण गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच सोडू नका. झोपेची किंवा "ठोके कमी करायची" गोळी मेडिकलवरून परस्पर घेऊ नका. पहिलीची सवय लागते, दुसरी दम्याच्या रुग्णाला धोक्याची ठरू शकते. बोलायला जवळ कुणी नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री फुकट आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या वेळी येताना एका चिठ्ठीवर तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, नाडीचा आकडा, त्या वेळी काय करत होता आणि चालू गोळ्यांची नावं लिहून आणा. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल तर तेही लिहा.