नातीला अर्धी म्हणू नका

माझा मुलगा नैरोबीत नोकरीला आहे. सून तिथलीच, किकुयू समाजातली. नात नऊ वर्षांची; वर्ण आईचा, नाक थेट माझ्या सासऱ्यांचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती धुळ्याला येते. देवपुरातल्या आमच्या गल्लीत बाया कौतुकानं विचारतात, “तू कोनी पोर शे?” ती बापाचं नाव सांगून मोकळी होते. टोचतं ते पुढचं : “बापाचा रंग घेतला असता तर बरं झालं असतं.” तिला मराठी कळत नाही असं समजून हे तिच्यादेखत बोलतात. तिला सगळं कळतं.

तीन-चार वर्षांचं मूलही कातडीतला फरक टिपतं, हे मी शाळेत शिकवताना पाहिलंय. म्हणून घरात गप्प बसून भागत नाही. तुझा रंग तुझ्या आईचा आहे, शोशोचा आहे, म्हणजे तिकडच्या आजीचा, असं आम्ही नातीला स्वच्छ सांगतो. तिचे कुरळे केस कोरडे विंचरायचे नसतात. ओले करून, रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर सोडवायचे. सुनेनं मला ते शिकवलं. इथे ती गौराईची गाणी ऐकते, झोके घेते, खापरावरचे मांडे खाते. तिकडे मक्याच्या पिठाचा उगाली. अहिराणी माझ्याकडून, किकुयू शोशोकडून. दोन्ही पूर्ण मिळायला हव्यात.

दिग्दर्शिका सई परांजपे याही अशाच दोन देशांच्या; त्यांचे वडील युरा स्लेप्ट्सॉफ हे रशियन चित्रकार. त्या आई शकुंतलाबाई आणि आजोबा रँग्लर परांजपे यांच्याकडे वाढल्या. त्यांना अर्धी मराठी कोण म्हणतं? पण वडील आफ्रिकेतले असते, तर आपण इतक्या सहज त्यांना आपलं म्हटलं असतं का? मला शंका आहे.

अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवायची मुभा 2000 साली मिळाली. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी त्याआधीच मिश्र वंशाच्या माणसांच्या हक्कांची यादी मांडली होती. आपण कोण, हे परक्यांना पटवून देण्याची सक्ती नको. सख्ख्या भावंडापेक्षा वेगळी ओळख सांगता यावी. वयानुसार ती बदलताही यावी. नातीनं उद्या स्वतःला केनियाची म्हटलं, तरी ती माझी नातच.

तुमची नातवंडं अशी दोन देशांची असतील, तर विहीणबाईंना फोन लावा, त्यांच्या घरच्या गोष्टी विचारून घ्या आणि मुलांना सांगा. मुलाच्या रंगावर कोणी बोललं, तर त्याला तिथल्या तिथे, मुलासमोरच थांबवा.