पावसानं वायफाय जात नाही

आषाढात कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी चढू लागलं की नृसिंहवाडीत घरोघरी दोन प्रश्न असतात: पाणी कुठपर्यंत आलंय आणि लाईट कधी येणार. गेल्या काही वर्षांत तिसऱ्याची भर पडली आहे: नेट का गेलं. पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम घरातून करणारी पोरं आहेत, प्रवेशाचे फॉर्म भरणारी आहेत, लॉजचं बुकिंग लॅपटॉपवर बघणारी मंडळी आहेत. मधेच लॅपटॉपचं नेट तुटतं आणि निदान तयारच असतं, "पावसानं वायफाय गेलं."

पावसानं वायफाय जात नाही. घरातलं वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. पावसाच्या थेंबांचा खरा अडथळा साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर जाणवू लागतो. डीटीएचची छत्री त्याच्या वरच्या पट्ट्यात काम करते, म्हणून मुसळधार पावसात टीव्हीचं चित्र जातं. ते पाहून माणूस वायफायलाही तोच न्याय लावतो. पण राउटर माजघरात, लॅपटॉप सोप्यात. मध्ये पाऊस येतो कुठून? पाऊस मोडतो ते वेगळंच. वीज जाते, खांबावरची फायबर तुटते, केबलवाल्याच्या पेटीत पाणी शिरतं. वाडीनं २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. अशा वेळी घरचा राउटर इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालू असतो, लॅपटॉप त्याला जोडलेलाही असतो, पण पलीकडची यंत्रं विजेविना बंद पडलेली असतात. तेव्हा लॅपटॉपशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच थांबला आहे. केबलवाल्याला फोन करावा आणि लॅपटॉप मिटून ठेवावा.

म्हणूनच 'वायफाय गेलं' आणि 'नेट गेलं' यांतला फरक आधी करायला हवा. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बघा. वायफायच्या जागी पृथ्वीचा गोल दिसत असेल तर लॅपटॉपला इंटरनेट मिळत नाहीये. मग नेटवर्कच्या यादीत आपल्या घराचं नाव आहे का, ते पाहा. शेजारच्या लॉजचं नाव दिसतं आणि आपलंच दिसत नाही, तर राउटरकडे जा. आपल्या नावापुढे 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं लिहिलेलं असेल तर बहुधा राउटरच्या पुढे काहीतरी तुटलंय. आणि यादीच उघडत नसेल, वायफायचं बटणच गायब असेल, तर दुखणं लॅपटॉपच्या आत आहे. तीन दुखणी, तीन वेगळे उपाय. हे न बघता केलेली धावपळ फुकट जाते, आणि कधी कधी महागात पडते.

सर्वांत महागात पडते ती टाचणी. राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, "त्यात पिन घालून दाबून धर, रिसेट होतं." वायर काढून पुन्हा लावणं म्हणजे रिसेट, असाच बहुतेकांचा समज आहे. वस्तुस्थिती अशी की, पिन दहाएक सेकंद दाबून धरली की राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा होतो. तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड जातोच, पण नेट देणाऱ्यानं भरलेलं लॉगिनही बऱ्याचदा त्यातच पुसलं जातं. मग जे नेट अर्ध्या तासात आपोआप आलं असतं, ते माणूस येऊन पुन्हा भरेपर्यंत येत नाही. रस्त्यावर पाणी असेल तर तो माणूस येणार कसा? मला हे फार कळकळीनं सांगायचं आहे: त्या भोकाला हात लावू नका. राउटर फक्त स्विचवरून बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा, आणि दिवे स्थिर होऊ द्या.

दुसरा समज लॅपटॉपबद्दलचा. "बंद करून चालू केला, तरी नाही आलं, म्हणजे कार्ड जळलं." विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि बहुतेक लॅपटॉपवर ती चालूच असते. शट डाउन केलं की विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. पडताळा घ्यायचा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा, 'सीपीयू'वर टिचकी मारा आणि 'अप टाइम' वाचा. रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्या माणसाला तिथं चक्क कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. खरं ताजं उठणं हवं असेल तर 'शट डाउन' नाही, 'रिस्टार्ट' करायचं. वायफायचं बटणच गायब झालं असेल तर एक पायरी पुढे जा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसएक सेकंद दाबून धरा, मग चालू करा. आत उरलेली वीज निघून जाते आणि हरवलेलं कार्ड अनेकदा पुन्हा दिसू लागतं. त्याआधी एअरप्लेन मोडची कळ चुकून दाबली गेली नाही ना, तेही बघा. कळफलक पुसताना ती हमखास दाबली जाते.

"मोबाइलला येतंय, म्हणजे लॅपटॉपच बिघडला" हा निष्कर्षही घाईचा आहे. वायफायवर नेट नाही असं दिसलं की मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातो. डेटा बंद करून मग तुलना करा. पौर्णिमेला किंवा दत्तजयंतीला दर्शनाची रांग लागली की टॉवरवर ताण येतो आणि मोबाइलचं नेट मंदावतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर त्याचा फटका बसेल; घरात फायबर असेल तर त्या गर्दीशी त्याचा संबंध नाही.

जुन्या घरांची गोष्ट निराळी. दगडी भिंत, तिला टेकलेलं लोखंडी कपाट आणि त्या कपाटावर ठेवलेला राउटर ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीतून फारशा पार होत नाहीत, २.४ च्या त्यामानानं होतात. आतल्या खोलीत गेल्यावरच लॅपटॉपचं वायफाय तुटत असेल तर २.४ चं नाव निवडा आणि राउटर लोखंडापासून दूर आणा.

पण राउटरच्या अगदी शेजारी बसलं तरच नेटवर्क दिसत असेल, तर स्क्रीनच्या बिजागरीकडे बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना स्क्रीनच्या चौकटीत बसवलेल्या असतात. तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली उतरतात आणि मोहरीएवढ्या पितळी टोप्यांनी कार्डावर बसतात. झाकण पुढेमागे करताना सिग्नल येत-जात असेल तर वायर झिजली आहे. लॅपटॉप नुकताच दुरुस्त होऊन आला असेल तर एखादी टोपी नीट न बसवता झाकण लावलं गेलं असण्याची शक्यता दाट. ती बसवायला मिनिट लागतं. त्यासाठी मदरबोर्ड बदलायचा सल्ला कुणी दिला तर उठून दुसऱ्या दुकानात जावं.

एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय तुटतं आणि काढली की येतं, असं होत असेल तर ती व्हायरसची बाधा नव्हे. यूएसबी ३.० च्या वायरीतून आणि जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खोबणीत लावा किंवा ५ चं नाव निवडा.

राहता राहिला ड्रायव्हर. अपडेटनंतर वायफाय गेलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करावं. अधूनमधून आपोआप तुटत असेल तर तिथल्याच 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा असते, ती खूण काढावी. 'नेटवर्क रिसेट' शेवटी, कारण त्यात साठवलेले सगळे पासवर्ड जातात. आणि नवा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, ते आणायचं कुठून, म्हणून अडून बसू नका. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला जोडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं, सिमचा डेटा खर्च होत नाही. वायर मात्र डेटा नेणारी हवी. नुसतं चार्जिंग करणाऱ्या वायरीनं हे होत नाही.