दहा जणींचं वावर, शंभर लेकरांची भाकर

आज आपण भाकरीबद्दल बोलणार आहोत. आपल्या वावरात पिकलेलं धान्य गावाजवळच्या वसतिगृहातल्या, निराधार मुलांच्या संस्थेतल्या लेकरांच्या ताटात कसं पोचवता येईल, आणि त्या लेकरांच्या अंगात रक्त कसं वाढेल, हा आजचा विषय.

अशी लेकरं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला गेले की मुलं मागे राहतात. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज मिळालं, त्यांत बुलढाणाही होता. त्या घरांतली मुलं आहेत. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी मुलं आहेत. सेवाभावी संस्था त्यांना सांभाळतात, पोट भरतात. पण पोट भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय आहे. १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमध्ये ५४ जणींना आहे. रक्त कमी असलेलं मूल लवकर थकतं, वर्गात पेंगतं, सारखं आजारी पडतं. आपण म्हणतो, "अभ्यासात लक्षच नाही याचं." लक्ष लागायला अंगात लोह लागतं.

आता धान्याकडे येऊ. सगळी बाजरी सारखी नसते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं हार्वेस्टप्लसच्या मदतीनं बाजरीचं 'धनशक्ती' नावाचं वाण काढलं. २०१२ साली ते आपल्या महाराष्ट्रात आलं. नेहमीच्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं. धनशक्तीत ते ७० च्या वर जातं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'एएचबी १२००' हे बाजरीचं संकरित वाण असंच लोहाचं आहे. ज्वारीत त्याच विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' आहे, २०१८ सालचं. त्यात लोहही जास्त आणि जस्तही. गव्हात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं 'एमएसीएस ४०२८' आहे. ते कोरडवाहू वावरात येतं आणि त्यात प्रथिनं, जस्त, लोह तिन्ही चांगली आहेत. जस्त मुलांच्या वाढीला आणि आजाराशी झुंजायला लागतं.

हे वरून काही मिसळलेलं धान्य नाही. मुळातच जास्त लोह असलेली झाडं निवडून, त्यांचंच बी पुढे वाढवत ही वाणं तयार झाली. म्हणून स्वयंपाकात काही बदलावं लागत नाही. तीच भाकर, तोच तवा.

याचा उपयोग होतो का? आपल्याच राज्यात हे तपासून झालं आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन्ही वेळा बाजरीची भाकर दिली. काहींना नेहमीच्या बाजरीची, काहींना लोहाच्या बाजरीची. ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यात लोहाच्या बाजरीनं कमतरता भरून निघण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून जास्त होतं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१८ च्या एका अभ्यासात १४० मुलांची पाहणी झाली, तेव्हा लक्ष आणि स्मरणशक्तीतही फरक दिसला.

मग संस्थेला असं धान्य देणार कोण? बाजारात ते वेगळं मिळत नाही. आडतीत सगळं एकत्र होतं. ते शेतकऱ्यानंच संस्थेसाठी पिकवायला हवं. चला, हिशोब मांडू.

एका वसतिगृहात १०० मुलं आहेत. एका मुलाला दिवसाला २०० ग्रॅम पीठ धरलं, तर रोज २० किलो धान्य लागेल. दहा महिन्यांचे ६० क्विंटल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तर दहा एकर झाले. पाऊसपाण्यानं हे कमीजास्त होईल, पण अंदाज आला ना? बचत गटातल्या दहा जणींनी एकेक एकर दिला, की शंभर लेकरांची वर्षाची भाकर झाली. थंडीत बाजरी आणि उरलेल्या महिन्यांत ज्वारी, गहू असं वाटून घेता येईल.

तुम्ही म्हणाल, सोयाबीन सोडून ज्वारी-बाजरी कशी परवडेल? प्रश्न रास्त आहे. भावाचा भरवसा नाही आणि पाखरं कणसं ठेवत नाहीत, म्हणूनच तर ही पिकं वावरातून गेली. यावर उपाय एकच, सगळ्यांनी मिळून करायचं. दहा जणींची वावरं शेजारी असली, की पाखरं एकाच वावरावर तुटून पडत नाहीत आणि राखणीच्या पाळ्या लावता येतात. बाजरीचे पराग वाऱ्यानं उडतात, म्हणून धनशक्तीचं बी पुढच्या वर्षाला ठेवायचं असेल, तर दुसऱ्या बाजरीपासून निदान २०० मीटर अंतर लागतं. तेही एकत्र पेरलं तरच जमतं. संकरित वाणाचं बी मात्र दर वर्षी नवं घ्यावं लागतं.

संस्थेशी बोलणी पेरणीच्या आधी करा आणि लिहून घ्या. किती क्विंटल घेणार, काय भावानं घेणार, पैसे किती दिवसांत देणार, वाहतूक कोणाकडे, पीक कमी आलं तर काय करायचं, हे सगळं कागदावर हवं. संस्था सेवाभावी आहे म्हणून आपण भाव सोडावा असं नाही. परवडलं तरच हे काम दुसऱ्या वर्षी टिकेल. आपल्याकडून शब्द असा, की सोंगणीपासून कोठीपर्यंत हे धान्य वेगळं ठेवू आणि त्यात दुसरं मिसळणार नाही. मिसळलं, तर सगळी मेहनत वाया.

संस्थेच्या स्वयंपाकघरातही तीन गोष्टी सांगून ठेवा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून दळण आठवड्याचंच आणावं. जेवणाबरोबर चहा देऊ नये, त्यानं लोह अंगी लागत नाही. आणि ताटात लिंबाची फोड असावी, त्यानं लोह जास्त लागतं. भाकरीसोबत वरण आणि पालेभाजी हवीच, एकटी भाकर पुरत नाही.

हेही लक्षात असू द्या, की भाकर म्हणजे औषध नव्हे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आणि जंताची गोळी चालूच ठेवायची. मूल फारच सुकलेलं, पांढरं पडलेलं दिसलं, तर आशाताईला सांगून दवाखान्यात न्यायचं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. सगळं धान्य विकून आपल्या घरी रेशनच्याच गव्हावर भागवायचं, असं होऊ देऊ नका. ६० क्विंटलच्या हिशोबात आपल्या घराची पोती आधी वेगळी काढा. रक्त आपल्या लेकीसुनांचंही कमी आहे, आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई घरोघरी आहे. परक्या लेकराला जे देतो, ते आपल्या ताटातही असलं पाहिजे.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोण कोण एकेक एकर देऊ शकते, त्यांची नावं लिहा. जवळ कोणतं वसतिगृह आहे, तिथे किती मुलं जेवतात, हे दोघींनी जाऊन विचारून या. बियाणं कुठे मिळेल, आपल्या जमिनीला कोणतं वाण चालेल, कोणत्या हंगामात पेरायचं, हे बुलढाण्याच्या किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात समजेल. मृग लागण्याआधी एवढं झालं, तर यंदाच्या हंगामातच सुरुवात करता येईल.