पिंपावरचे फडके

बेंगळूरुच्या मारतहळ्ळीत आऊटर रिंग रोडला लागून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. मोठा रस्ता सोडून मुन्नेकोळाल किंवा तुबरहळ्ळीकडे आत वळले की पत्र्याच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या शेड लागतात. उत्तर कर्नाटकातून आलेले बिगारी, बंगाल-आसामातून आलेले कचरा वेचणारे, इमारतींचे वॉचमन, घरकाम करणाऱ्या बाया इथे राहतात. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा या दोन्ही जगांना सूचना मात्र एकच मिळाली: वारंवार हात धुवा, अंतर ठेवा, ताप आला तर वेगळ्या खोलीत राहा, घराबाहेर पडू नका. फ्लॅटमध्ये हे सारे जमण्यासारखे होते. जिथे घर म्हणजेच एक खोली, पाणी पिंपात साठवलेले, शौचालय सामाईक आणि कामावर खाडा झाला की पैसे कापलेले, तिथे ती सूचना कानावर पडूनही घरात शिरू शकत नव्हती. तरी ‘वस्तीतल्या लोकांना कळतच नाही’ हा निष्कर्ष मात्र सर्रास काढला गेला. अडाणीपणा लोकांचा होता की सूचनेचा, हे मात्र कोणी विचारले नाही.

आरोग्य-साक्षरता म्हणजे अक्षरओळख नव्हे. माहिती मिळणे, ती समजणे, खरी-खोटी पारखता येणे आणि तिच्याप्रमाणे वागता येणे, अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांवर शिक्षणाचा आणि भाषेचा प्रभाव पडतो. चौथी पायरी मात्र नळाला पाणी आहे का, खोल्या किती, सुटीचा पगार मिळतो का, यावर ठरते. म्हणून साक्षरतेची परीक्षा घ्यायची तर ती ऐकणाऱ्याइतकीच सांगणाऱ्याचीही घ्यावी लागते. सांगितलेले कळते का आणि कळलेले जमते का, हे त्या परीक्षेतले दोन प्रश्न.

या दोन्हींच्या आधी विश्वास लागतो, आणि त्याचे गणित साथीच्या आधीच मांडले गेलेले असते. जानेवारी २०२० मध्ये मारतहळ्ळी-बेळ्ळंदूर पट्ट्यातल्या करियम्मन अग्रहार इथल्या शेड, तिथे बेकायदा बांगलादेशी राहतात असे म्हणत, पाडण्यात आल्या. तिथले बरेच रहिवासी उत्तर कर्नाटकातले आणि ईशान्येकडचे भारतीय नागरिकच निघाले. उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली आणि तीच यंत्रणा ‘ताप असेल तर आम्हाला कळवा’ म्हणू लागली. ज्याचे घर कालपरवा जेसीबीने पाडले, तो आपला ताप लपवील यात अज्ञान नाही, अनुभव आहे. महाराष्ट्राला हे नवे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, आणि रोगापेक्षा तपासनिसाचीच धास्ती मोठी झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना उपचारासाठी नेत होत्या; त्यांच्या हाती लोक आपली माणसे सोपवत होते. उपचाराची गरज तीच, पण दाराशी कोण उभे आहे यावर दार उघडणे ठरत होते.

मुंबईतल्या धारावीचा अनुभव या संदर्भात उपयोगी आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे, बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार. तिथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. महापालिकेने वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना तपासणीत सोबत घेतले आणि विलगीकरणाची सोय शाळा व सभागृहांत, जेवणासह केली. ‘वेगळे राहा’ हे वाक्य तेव्हाच खरे झाले, जेव्हा वेगळे राहायला जागा मिळाली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचे उदाहरण म्हणून धारावीचा उल्लेख केला. यावर एक रास्त आक्षेप आहे: त्याच महिन्यात मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, इतर वस्तीत ती सुमारे १६ टक्के होती. ते विभाग धारावीबाहेरचे असले तरी दाटी तशीच. मग प्रबोधनाने साधले काय? आक्षेप खरा आहे आणि त्यातला धडाही. दाटीत संसर्ग केवळ सांगण्याने थांबत नाही. पण आजारी माणूस लवकर पुढे आला तर त्याला वेळेत उपचार मिळतात. साक्षरतेकडून अपेक्षा ठेवायची ती एवढी, आणि ती लहान नाही.

मोबाइल हे सगळे करील, असे म्हणणाऱ्यांकडेही पुरावा आहे. २०२० मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांचा बंगालीतला व्हिडिओ पश्चिम बंगालमध्ये सुमारे अडीच कोटी लोकांना एसएमएसने पाठवला गेला. आरोग्यसेविकांना लक्षणे कळवणाऱ्यांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले, आणि ज्यांना संदेश मिळाला नव्हता त्या शेजाऱ्यांवरही परिणाम दिसला. पण इथे यश मोबाइलचे किती आणि घरच्या भाषेतल्या ओळखीच्या चेहऱ्याचे किती? शिवाय कळवायला गावात आरोग्यसेविका होती. उलट उदाहरण लशीचे: नोंदणीचे को-विन संकेतस्थळ सुरुवातीला इंग्रजीत होते, सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीबद्दल सरकारला विचारणा केल्यानंतर, जून २०२१ मध्ये ते कन्नड-मराठीसह अनेक भाषांत आले. तोवर ज्याच्या हाती लॅपटॉप त्यालाच आधी वेळ मिळत होती. साधन तेच, पण त्याने दरी बुजवलीही आणि वाढवलीही.

स्थलांतरित आज इथे, उद्या तिथे, मग त्यांच्यावर खर्च कशाला, हाही एक आक्षेप असतो. पण साथ वॉर्डाची हद्द पाळत नाही. तुबरहळ्ळीत राहणारी बाई जिथे भांडी घासते ते घर काचेच्या इमारतीतल्या अभियंत्याचेच असते, आणि ती जे शिकते ते गावी जाताना सोबत नेते. ‘त्यांनी कन्नड शिकावे’ असेही म्हटले जाते; दीर्घकाळासाठी ते योग्यच. तापाने फणफणलेल्या माणसाला ते आज सांगणे निरर्थक आहे. राहिला पैशाचा प्रश्न. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात साधारण दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा कार्यकर्ती गृहीत आहे, म्हणजे रचना कागदावर तयारच आहे. मात्र जी शेड नकाशावर नाही तिच्या वाट्याला आशा येणार कशी? आणि साथ ऐन भरात असताना, जुलै २०२० मध्ये, कर्नाटकातल्या आशांना महिना बारा हजार रुपयांच्या मागणीसाठी संप करावा लागला. विश्वासाचा सगळा भार ज्यांच्या खांद्यावर, त्यांचे मानधनच आपण सर्वांत शेवटी मोजतो.

पुढची परीक्षा कधी, असे विचारण्याचे कारण नाही; ती दर पावसाळ्यात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकाने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले. डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून फलक सांगतात: साठवलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका. टँकर कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घराला हे सांगणे म्हणजे २०२० चीच चूक पुन्हा करणे. त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी बाई जर म्हणाली, ‘पाणी ओतू नकोस, पिंपाच्या तोंडावर जुन्या साडीचे फडके घट्ट बांध, आणि पिंप रिकामे झाले की आतून घासून काढ,’ तर ते कळते आणि जमतेही. आता शहरात वॉर्डावॉर्डांत ‘नम्म क्लिनिक’ हा सरकारी दवाखाना आला आहे. तिथल्या भिंतीवर कोणते वाक्य लिहायचे हे ठरवण्यापूर्वी ते वाचणाऱ्याच्या घरी पाणी किती दिवसांनी येते, एवढे विचारून घ्यायला हवे.