दुकानाचा सर्व्हर नव्या मशीनवर हलवायचाय? कॉपी-पेस्टने भागत नाही

सर्व्हर म्हटलं की एसी खोलीतलं लुकलुकणारं कपाट डोळ्यांसमोर येतं. पण जामसरसारख्या गावात कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्याखाली ठेवलेला, धूळ खाल्लेला डेस्कटॉपही सर्व्हरच असतो. बिलिंगचा डेटाबेस त्याच्यात असतो. गल्ल्यावरचा कॉम्प्युटर आणि गोदामात स्टॉक बघायचा मोबाइल, दोन्ही वायफायवरून त्याच्याकडेच माहिती मागतात. 'सगळं क्लाउडवर का नाही?' हा प्रश्न जव्हार-मोखाड्यात राहणारा विचारणार नाही. पावसात लाइट गेली की मागोमाग रेंजही जाते, आणि गिऱ्हाईक मात्र समोर उभं असतं.

अशाच एका दुकानाचा सर्व्हर मी पावसाळ्याआधी नव्या मिनी पीसीवर हलवला. कारणं दोन. जुन्या हार्ड डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तपासली तर पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसत होतं, म्हणजे डिस्कवरच्या काही जागा खराब होऊ लागल्या होत्या. दुसरं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही.

आता यात एवढं जपण्यासारखं काय? उधारी. जूनमध्ये बियाणं आणि खत उधारीवर जातं. पैसे येतात भात-नागली निघाल्यावर. काहींचे तर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेली माणसं शिमग्याला गावी परतल्यावर. मधल्या आठ-नऊ महिन्यांचा हिशोब त्या एका डब्यात असतो. तो गेला तर दुकानदार बुडतोच, पण ज्याने अर्धे पैसे भरलेत त्याचीही नोंद जाते. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात.

फोल्डर ओढून का चालत नाही

नवा फोन घेतल्यावर गॅलरीतले फोटो कॉपी करता येतात. व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र नुसतं फोल्डर आणून ठेवलं तर चॅट दिसत नाहीत, ते रिस्टोअर करावं लागतं. डेटाबेसचं तसंच आहे.

या दुकानात होतं तसं अनेक बिलिंग सॉफ्टवेअरच्या मागे एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस असतो. त्याच्या मुख्य फाइल दोन, एक डेटाची आणि एक लॉगची. एक बिल सेव्ह झालं की बिलाची नोंद होते, स्टॉक कमी होतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढते. हे सगळं मिळून एकच व्यवहार असतो. तो आधी लॉगमध्ये लिहिला जातो, मग सवडीने डेटाच्या फाइलमध्ये उतरतो. त्यामुळे सर्व्हिस चालू असताना फाइल कॉपी करायला गेलात तर विंडोज 'फाइल वापरात आहे' म्हणून अडवतं. हे अडवणं तुमच्या भल्याचं आहे. जबरदस्तीने ओढून आणलेल्या कॉपीत स्टॉक कमी झालेला पण उधारी न चढलेली, अशी अर्धवट अवस्था असू शकते.

योग्य रस्ता म्हणजे दुकान बंद झाल्यावर सगळीकडचं बिलिंग बंद करायचं, डेटाबेसचा 'बॅकअप' घ्यायचा आणि ती एकच फाइल नव्या मशीनवर 'रिस्टोअर' करायची. बॅकअप घेताना 'चेकसम'चा पर्याय चालू ठेवा, म्हणजे फाइल खराब असेल तर रिस्टोअर करताना कळतं. आणि नव्या मशीनवरची आवृत्ती जुन्याइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी हवी. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनीवर चढतच नाही.

बॅकअपच्या आधी मी तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या: शेवटचा बिल नंबर, एकूण उधारी, आणि आठ-दहा खात्यांची बाकी. हलवाहलव झाल्यावर त्याच गोष्टी नव्या मशीनवर काढून पैशापैशाने जुळवल्या. 'सक्सेसफुल' या हिरव्या मेसेजपेक्षा माझा त्या कागदावर जास्त विश्वास आहे.

मराठी नावं वेगळी तपासा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावं श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नव्या मशीनवर टाकेपर्यंत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. डेटा गेलेला नसतो, घाबरू नका. पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर थांबा. वाटेत कुठेतरी युनिकोड मजकूर साध्या प्रकारच्या कॉलममध्ये गेलाय, आणि प्रश्नचिन्हावरून मूळ अक्षर परत मिळत नाही.

मोबाइलला सर्व्हर सापडेना

इथे बरेच जण अडकतात. मोबाइल अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा पत्ता भरलेला असतो, समजा १९२.१६८.१.१०. राउटर हा पत्ता मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून राखून ठेवतो, आणि नव्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो. मग राउटर त्याला दुसराच पत्ता देतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पत्ता नव्या मशीनच्या नावावर करा. दुसरं म्हणजे फायरवॉल. ताज्या विंडोजमध्ये एसक्यूएल सर्व्हरचा दरवाजा, म्हणजे बहुतेकदा पोर्ट १४३३, बाहेरून बंद असतो. तो फक्त दुकानाच्या नेटवर्कसाठी उघडा.

जुन्या मशीनची नेटवर्कची वायर त्याच वेळी काढा. नाहीतर एखादा मोबाइल जुन्यालाच धरून बसतो आणि अर्धी बिलं तिकडे जातात. त्याआधी लायसन्स बघा. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या मशीनवर ते 'सरेंडर' करून मग नव्यावर चालू करायचं असतं, आणि त्याला इंटरनेट लागतं. त्या वेळी रेंज असेल असं बघा.

लाइटच्या लपंडावासाठी बायोसमध्ये एक छोटी सेटिंग आहे: वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं की नाही. ती 'पॉवर ऑन' वर ठेवा. मिनी पीसी जुन्या डेस्कटॉपपेक्षा खूप कमी वीज खातो, म्हणून तोच यूपीएस जास्त वेळ पुरतो. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. सर्व्हर चालू आणि वायफाय बंद असेल तर काय उपयोग?

नव्या मशीनमध्ये एसएसडी असली तरी रोजचा बॅकअप हवाच. हार्ड डिस्क निदान आधी कुरकुरते, एसएसडी पुष्कळदा न सांगता जाते. एक्स्प्रेस आवृत्तीत आपोआप बॅकअप घेणारा 'एजंट' नसतो, म्हणून मी विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रात्री ९ ची वेळ लावली. एक फाइल बाहेरच्या डिस्कवर जाते, दुसरी पेनड्राइव्हवर मालकांच्या घरी.

जुनी डिस्क फॉरमॅट केलेली नाही. काढून, तारीख लिहून कपाटात ठेवलीय. शिमग्याची वसुली नव्या मशीनवरून नीट झाली की मग ती पुसायची, असं ठरलंय.